विद्यापीठाचें व्यासपीठ आणि द्वेषाचा कायदा

(नभोवाणीवरील भाषण)

नव्या मुंबईंतील एका महाविद्यालयाचे प्राचार्य माझे जुने स्नेही आहेत. गेल्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं ते माझ्याकडे आले आणि त्यांनीं पिशवींतून दोन कागद काढून माझ्यापुढें ठेवले. पहिला कागद त्यांच्याच विद्यार्थी मंडळाचा होता. एका वक्त्याला व्याख्यानासाठीं बोलावण्याची परवानगी मंडळानें मागितली होती. दुसरा कागद त्याच महाविद्यालयांतील दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या सह्यांचा होता. हा वक्ता समाजांत द्वेष पसरवितो, त्याला येथें पाऊल ठेवूं दिलें तर आम्ही सभा होऊं देणार नाहीं आणि आपणांविरुद्धहि पोलिसांत फिर्याद देऊं, असा त्यांतील मजकूर होता. प्राचार्य म्हणाले, "वकीलसाहेब, कायदा काय म्हणतो तेवढें सांगा. मी कायद्याप्रमाणें वागेन, म्हणजे सुटलों."

तो वक्ता कोण, कोणत्या पक्षाचा, हें मी आज सांगणार नाहीं. तें सांगितलें कीं निम्मे श्रोते पहिल्या कागदाच्या बाजूला जातील, निम्मे दुसऱ्याच्या, आणि पुढचें माझें बोलणें कोणीच ऐकणार नाहीं. एवढेंच सांगतों कीं, त्याचीं मतें मलाहि मान्य नाहींत.

प्राचार्यांचा प्रश्न एक दिसत असला तरी त्याच्या पोटांत तीन निरनिराळे प्रश्न आहेत. हा मनुष्य जें बोलेल तो गुन्हा होईल काय, हा पहिला. गुन्हा नसला तरी तें बोलणें विद्येच्या घरांत शोभण्यासारखें आहे काय, हा दुसरा. तो आला तर दंगा होईल काय, हा तिसरा. पहिल्याचें उत्तर न्यायालयानें द्यावयाचें, दुसऱ्याचें अध्यापकांनीं आणि श्रोत्यांनीं, आणि तिसऱ्याचा बंदोबस्त पोलिसांनीं करावयाचा. आपल्याकडे बहुधा होतें असें कीं, तिसऱ्या प्रश्नाची भीति वाटते, दुसऱ्याचा राग येतो, आणि पहिल्याचें नांव पुढें करून दार लावलें जातें. म्हणून आज हे तीन धागे सुटे करून पाहूं.

द्वेषाच्या कायद्याचा जन्म महाराष्ट्राच्या इतिहासाशीं निगडित आहे. आणि योगायोग असा कीं, त्या कथेच्या आरंभीं एका प्राध्यापकाचें व्याख्यानच आहे. १८९७ च्या जून महिन्यांत पुण्यास शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. शहरांत प्लेग होता, आणि प्लेगच्या बंदोबस्तासाठीं घरांत शिरणाऱ्या गोऱ्या सोल्जरांविषयीं लोकांच्या मनांत संताप होता. त्या उत्सवांत फर्ग्युसन कॉलेजचे प्रा. चिंतामण गंगाधर भानु यांनीं अफझलखानाच्या वधावर व्याख्यान दिलें. उत्सवाचा वृत्तांत व एक कविता १५ जूनच्या 'केसरी'मध्यें आली. पुढच्याच आठवड्यांत, २२ जूनच्या रात्रीं, रँडवर गोळी झाडली गेली. खटला व्याख्यात्यावर झाला नाहीं. तो संपादकांवर, म्हणजे लोकमान्य टिळकांवर झाला. मुंबईच्या उच्च न्यायालयांत न्या. स्ट्रॅची यांच्यापुढें ९ ज्यूरर बसले. ६ युरोपियनांनीं टिळकांना दोषी ठरविलें, ३ हिंदी ज्यूररांनीं निर्दोषी. आणि शिक्षा १८ महिन्यांची झाली.

एवढ्यानें सरकारचें समाधान झालें नाहीं. १८९८ मध्यें राजद्रोहाचें १२४-अ हें कलम अधिक रुंद करण्यांत आलें, आणि त्याच दुरुस्तीनें दंडसंहितेंत १५३-अ हें नवें कलम आलें: प्रजेच्या निरनिराळ्या वर्गांत वैर किंवा द्वेष उत्पन्न करणाऱ्यास शिक्षा. मूळ कलमाला एक स्पष्टीकरण जोडलेलें होतें. वैराचीं कारणें दूर व्हावींत एवढ्याच प्रामाणिक हेतूनें कोणी तीं दाखवून दिलीं, तर तो गुन्हा नव्हे, असें त्यांत म्हटलेलें होतें. आजच्या कलमांत तें स्पष्टीकरण नाहीं. १९०८ मध्यें लोकमान्यांना ६ वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्या वेळीं राजद्रोहाबरोबर १५३-अ खालींहि त्यांना दोषी ठरवून १,००० रुपये दंड करण्यांत आला. ज्या दोन वर्गांत त्यांनीं द्वेष माजविला असें ठरलें, ते वर्ग म्हणजे राज्य करणारे इंग्रज आणि तें राज्य सोसणारे हिंदी लोक! दुबळ्याला द्वेषापासून राखणारा कायदा बलवानाच्या हातीं पडला म्हणजे त्याचें काय होतें, याचा हा पहिला धडा आपल्याच घरांत मिळालेला आहे.

स्वातंत्र्य आलें, घटना आली, पण हें कलम राहिलें. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तींत १५३-अ चें १९६ झालें. धार्मिक भावना बुद्धिपुरस्सर दुखविण्याचें २९५-अ हें कलम २९९ झालें. अफवा आणि चिथावणी यांचें ५०५ हें ३५३ झालें. 'द्वेषमूलक भाषण' हा शब्द आतां आपल्या बोलण्यांत रुळला आहे, परंतु या संहितेंत त्याची व्याख्या कोठेंहि नाहीं. विधि आयोगानें मार्च २०१७ च्या आपल्या २६७ व्या अहवालांत त्यासाठीं दोन नवीं कलमें सुचविलीं होतीं. तीं संहितेंत आलीं नाहींत.

मग १९६ व्या कलमाला काय लागतें? धर्म, वंश, जन्मस्थान, भाषा, जाति अशा कोणत्या तरी आधारावर दोन समाजांत वैर, द्वेष किंवा दुर्भाव वाढविणारे शब्द, चिन्हें किंवा चित्रें लागतात. समाजमाध्यमांवरील मजकूरहि त्यांत आला. शिक्षा ३ वर्षांपर्यंत, आणि हाच गुन्हा प्रार्थनास्थळीं घडला तर ५ वर्षांपर्यंत. येथें दोन गोष्टी ध्यानांत धराव्या. एक, दोन समाजांचा संबंध हवा; एकाच समाजाला राग आला आणि दुसऱ्याचा विषयच नाहीं, तर हें कलम लागत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें आहे. दुसरी, वैर उत्पन्न करण्याचा हेतु हवा. म्हणून सरकारच्या धोरणावर कोणी कितीहि कडवट टीका केली तरी तेवढ्यानें ती या कलमांत बसत नाहीं. शिवाय पोलिसांनीं गुन्हा नोंदला तरी, शासनाची अथवा कायद्यानें नेमलेल्या अधिकाऱ्याची पूर्वसंमति असल्याखेरीज न्यायालय अशा खटल्याची दखल घेत नाहीं. कायदा करणारांनाच या शस्त्राची धार माहीत होती, हें यावरून दिसतें.

आतां खरी अडचण. 'द्वेष उत्पन्न होईल' हें ठरवावयाचें कोणाच्या कानांनीं? या प्रश्नाचें उत्तर नागपुरानें दिलें आहे. १९४६ मध्यें नागपूरच्या उच्च न्यायालयांत, छापील मजकुराच्या एका प्रकरणांत, न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस यांनीं असा मापदंड घालून दिला कीं, शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मनावर काय होईल तें पाहावें. दुबळ्या, डळमळीत मनाच्या माणसाचें माप येथें उपयोगाचें नाहीं. आणि प्रत्येक विरोधी मतांत ज्याला संकटाचा वास येतो त्याचेंहि नाहीं. परकीय अमलाच्या अखेरच्या दिवसांत दिलेला हा निर्णय पुढें स्वतंत्र भारताच्या न्यायालयांनीं पुनःपुन्हां हातीं घेतला. त्यांपैकीं तीन प्रसंग आपल्या महाराष्ट्रांतील, आणि तीनहि विद्येच्या क्षेत्रांतील आहेत.

पहिला प्रसंग भांडारकर संस्थेचा. २००३ मध्यें जेम्स लेन या अमेरिकन अभ्यासकाचें शिवछत्रपतींवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालें. महाराजांच्या मातापित्यांविषयींच्या त्यांतील एका उल्लेखानें महाराष्ट्राचें मन दुखावलें, आणि तें दुखावणें स्वाभाविक होतें. प्रकाशकांनीं त्याच वर्षीं नोव्हेंबरांत पुस्तक मागें घेतलें. तरीहि ५ जानेवारी २००४ रोजीं जमाव पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत शिरला. लेखकानें तेथील अभ्यासकांचे आभार मानले होते, एवढाच त्या वास्तूचा अपराध. ग्रंथ, हस्तलिखितें, जुन्या वस्तु यांची नासधूस झाली. मोडतोड करणाऱ्यांची धरपकड झाली खरी. पण ९ जानेवारीस १५३-अ खालीं लेखक व प्रकाशक यांच्यावरहि गुन्हा नोंदला गेला, आणि लौकरच पुस्तकावर बंदी आली. ५ एप्रिल २००७ ला सर्वोच्च न्यायालयानें तो गुन्हा रद्द केला. पुस्तक समग्र वाचावें, तिखट वाक्य तेवढें उपटून त्यावर गुन्हा उभारूं नये, आणि माप तेंच नागपूरचें लावावें, असा त्या निर्णयाचा आशय होता. ९ जुलै २०१० ला बंदीहि कायमची उठली. तोंपर्यंत ६ वर्षें गेलीं होतीं, आणि फाटलेलीं पानें कोणत्याहि निकालानें सांधलीं जाणार नव्हतीं.

दुसरा प्रसंग कोल्हापूर जिल्ह्यांतील. तेथील एका महाविद्यालयांत शिकविणाऱ्या एका काश्मिरी प्राध्यापकांनीं आपल्या व्हॉट्सॲपवर दोन मजकूर लावले. ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरचा काळा दिवस आहे, असा एक. आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणारा दुसरा. हातकणंगले पोलिसांनीं १५३-अ खालीं गुन्हा नोंदला; एप्रिल २०२३ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तो रद्द करण्यास नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द केला. ३७० व्या कलमाविषयींच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, आणि शेजारच्या देशाला शुभेच्छा देणें म्हणजे वैर पसरविणें नव्हे, असें न्यायालयानें म्हटलें. आणि भाषणस्वातंत्र्य म्हणजे काय याचें शिक्षण पोलिसांना देण्याची वेळ आली आहे, असेंहि बजावलें. या खंडपीठावर न्यायमूर्ति अभय ओक होते, ज्यांनीं वकिली ठाण्याच्या न्यायालयांत सुरू केली होती.

तिसरा प्रसंग मे २०२५ मधील. पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयांतील १९ वर्षांच्या विद्यार्थिनीनें भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या दिवसांत समाजमाध्यमावर दुसऱ्याचा एक मजकूर पुढें पाठविला. चूक लक्षांत येतांच तिनें तो काढून टाकला आणि क्षमा मागितली. तरी महाविद्यालयानें तिचें म्हणणें न ऐकतां तिला काढून टाकलें, आणि पोलिसांनीं अटक केली. २७ मे ला मुंबई उच्च न्यायालयानें तिची सुटका करविली, काढून टाकण्याच्या आदेशास स्थगिति दिली, आणि शासन व संस्था या दोहोंनाहि कडक शब्द सुनावले. तिला परीक्षेला बसतां यावें, ही न्यायालयाला तांतडी वाटली.

त्याआधीं दोनच महिने, २८ मार्च २०२५ ला, गुजरातमधील एका कवितेच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें पोलिसांच्या मार्गांतील एक थांबा दाखवून दिला होता. ज्या गुन्ह्यांना ३ ते ७ वर्षांच्या आंतली शिक्षा आहे, त्यांत वरिष्ठांच्या परवानगीनें १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय नव्या संहितेंत आहे. शब्दांच्या गुन्ह्यांत पोलिसांनीं तिचा उपयोग करावा, आणि बोललेले शब्द नागपूरच्याच मापानें मोजावे, असें न्यायालयानें सांगितलें.

हें सर्व ऐकून कोणी म्हणेल कीं, मग हा कायदा हवाच कशाला? श्रोतेहो, ज्या साधनाच्या द्वारें मी आपल्याशीं बोलत आहें, त्याच साधनाची एक हकीकत त्याचें उत्तर देते. १९९४ मध्यें आफ्रिकेंतील रवांडा देशांत एक खाजगी नभोवाणी केंद्र दिवसेंदिवस एका जमातीला झुरळें म्हणत होतें. गाणीं, विनोद, गप्पा यांच्या मधून हें बोलणें चाले. पुढें तें केंद्र माणसांचीं नांवें आणि पत्ते सांगूं लागलें. सुमारे १०० दिवसांत त्या देशांत सुमारे ८ लाख माणसें मारलीं गेलीं. आंतरराष्ट्रीय न्यायासनानें डिसेंबर २००३ मध्यें त्या केंद्राच्या दोघां चालकांना आणि एका संपादकाला दोषी ठरविलें. त्यांचें शस्त्र ध्वनिक्षेपक आणि छापील कागद हेंच होतें.

म्हणून शब्दांनीं इजा होत नाहीं, असें मी म्हणणार नाहीं. आपल्या शहराचेंच पाहा. १९७० मध्यें सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवें शहर उभें राहूं लागलें. येथील आगरी-कोळ्यांच्या गांवांशेजारीं साऱ्या देशांतून माणसें येऊन राहिलीं. एकाच जिन्यावर चार भाषा आणि तीन धर्म नांदतात. या लोकांना घर भाड्यानें देऊं नका, त्यांच्या दुकानांत जाऊं नका, ते माणसांत मोडतच नाहींत, असें कोणी व्यासपीठावरून सांगूं लागला, तर त्या जिन्यावरून दुसऱ्या दिवशीं शाळेंत जाणाऱ्या मुलीला काय वाटेल? तिच्या मताचें येथें कोणी खंडन करीत नाहीं. तिची जागाच काढून घेतो. २१ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानें दिल्ली, उत्तर प्रदेश व उत्तराखंड या राज्यांना आदेश दिला कीं, द्वेषमूलक भाषण झाल्यास कोणी फिर्याद देण्याची वाट न पाहतां गुन्हा नोंदावा, आणि बोलणाऱ्याचा धर्म पाहूं नये. २८ एप्रिल २०२३ ला तो आदेश सर्व राज्यांना लागू झाला. त्यापूर्वीं फेब्रुवारी २०२३ मध्यें मुंबईंतील एका जाहीर सभेपुरतें न्यायालयानें काय केलें, तें प्राचार्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. सभेला बंदी केली नाहीं. द्वेषाचें भाषण होणार नाहीं असें शासनाकडून वदवून घेतलें, आणि सभेचें चित्रण करण्याची व्यवस्था सांगितली.

माणसाला माणूस म्हणून नाकारणारें बोलणें एकीकडे, आणि आपल्याला न आवडणारें मत दुसरीकडे, ही सीमारेषा कायद्याला ठाऊक आहे. ती ओलांडली कीं नाहीं हें शब्द उच्चारले गेल्यावर, सारे शब्द समोर ठेवून ठरतें. आमच्या महाविद्यालयांतील भांडणें मात्र वक्ता बोलण्यापूर्वींच निकालांत निघतात. तेथें गुन्ह्याचा प्रश्न उरतच नाहीं. उरतो तो तिसरा प्रश्न, दंग्याचा.

या प्रश्नावरहि सर्वोच्च न्यायालयानें १९८९ मध्यें, आरक्षणावर टीका करणाऱ्या एका तामिळ चित्रपटाच्या प्रकरणांत, स्पष्ट उत्तर दिलेलें आहे. विरोधक गडबड करतील आणि आम्हांला आवरणार नाहीं, असें राज्यानें म्हणूं नये. आवरणें हेंच त्याचें कर्तव्य आहे. बोलणें थांबवावयाचें तर धोका दारूच्या कोठारांतील ठिणगीसारखा निकट असला पाहिजे. निराळें सांगावयाचें तर, जो मोठ्यानें धमकी देतो त्याच्या हातीं सभेची किल्ली देऊं नये.

प्रत्यक्षांत काय घडतें? ४ जानेवारी २०१८ ला विलेपार्ल्याच्या भाईदास सभागृहांत विद्यार्थ्यांचें एक संमेलन व्हावयाचें होतें. जिग्नेश मेवाणी आणि उमर खालिद हे वक्ते होते. पोलिसांनीं परवानगी नाकारली. तीनच दिवसांपूर्वीं कोरेगांव भीमा येथें हिंसा झालेली होती आणि आदल्या दिवशीं महाराष्ट्र बंद होता, हें पोलिसांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. तो धोका काल्पनिक नव्हता. नोव्हेंबर २०२३ मध्यें पवईच्या आय.आय.टी.त प्रा. अचिन वनाईक यांचें इस्रायल-पॅलेस्टाईनच्या इतिहासावरील व्याख्यान रद्द झालें. तेथें कोणतें कोठार होतें? ऑगस्ट २०२५ मध्यें मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजनें फादर स्टॅन स्वामी यांच्या स्मरणार्थ ठरलेलें व्याख्यान एका विद्यार्थी संघटनेच्या आक्षेपानंतर रद्द केलें. एल्गार परिषद प्रकरणांतील आरोपी म्हणून स्वामी आमच्या नव्या मुंबईंतील तळोजा कारागृहांत होते. ५ जुलै २०२१ ला, वयाच्या ८४ व्या वर्षीं, खटला उभा राहण्यापूर्वींच मुंबईच्या एका रुग्णालयांत त्यांचें निधन झालें. गंभीर आरोप असलेल्या माणसाच्या नांवानें व्याख्यान नको, हा आक्षेप समजण्यासारखा आहे. आरोप सिद्ध झाला नव्हता, हें उत्तरहि तितकेंच समजण्यासारखें आहे. पण व्याख्यानाचा विषय होता पोटासाठीं होणारें स्थलांतर. तो विषय नव्या मुंबईइतका दुसऱ्या कोणत्या शहराला जवळचा असेल?

दार लावणारा हात एकाच पक्षाचा असतो, असें मात्र कोणी समजूं नये. मार्च २०१३ मध्यें अमेरिकेंतील व्हार्टन येथील भारतविषयक परिषदेनें त्या वेळचे गुजरातचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांचें भाषण अध्यापकांच्या विरोधानंतर रद्द केलें. तें दूरदृश्य पद्धतीनें व्हावयाचें होतें. २०११ मध्यें सुब्रमण्यम स्वामी यांच्या मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकांतील लेखावरून वादळ उठलें, आणि त्या डिसेंबरांत हार्वर्डच्या अध्यापकांनीं त्यांचे अर्थशास्त्राचे उन्हाळी वर्ग बंद करविले. ज्यांना यांतील एक गोष्ट अन्यायाची वाटते, त्यांना बहुधा दुसरी न्यायाची वाटते. नियम हातीं नसला, कीं असेंच व्हावयाचें.

आतां उरला दुसरा प्रश्न, शोभण्याचा. विद्यापीठानें कोणालाहि बोलावलेंच पाहिजे असा कायदा नाहीं, आणि न बोलावणें म्हणजे मुस्कटदाबी नव्हे. पण एकदां आपल्याच विद्यार्थ्यांनीं रीतसर बोलावलेल्या पाहुण्याला केवळ मतासाठीं परत पाठवावें काय? इंग्लंडांत १९८६ च्या शिक्षणविषयक कायद्यानें, बाहेरून येणाऱ्या वक्त्यांसुद्धां सर्वांच्या कायदेशीर भाषणाची राखण करण्याचें कर्तव्य विद्यापीठांवर टाकलें. २०२३ च्या नव्या कायद्यानें तें अधिक कडक झालें, आणि त्यांतील मुख्य तरतुदी १ ऑगस्ट २०२५ पासून अमलांत आल्या. वंशद्वेष चेतविणें हा गुन्हा त्याच देशांत १९८६ च्याच दुसऱ्या कायद्यानें आहे. दोन्ही कायदे शेजारीं शेजारीं नांदतात.

आपल्याजवळ तर याहून जुनें आणि अधिक जवळचें उदाहरण आहे. १९३६ मध्यें लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या वार्षिक अधिवेशनाचें अध्यक्षपद दिलें. भाषण आधीं छापून आलें, तें वाचून मंडळ घाबरलें, आणि कांहीं भाग गाळण्याची विनंति झाली. बाबासाहेबांनीं स्वल्पविरामहि बदलण्यास नकार दिला. अधिवेशनच रद्द झालें. बाबासाहेबांनीं तें न झालेलें भाषण स्वखर्चानें प्रसिद्ध केलें. १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींनीं 'हरिजन'मध्यें त्यावर टीका केली. पुढच्या आवृत्तींत बाबासाहेबांनीं ती टीका आणि आपलें तिला उत्तर, दोन्ही छापलीं. लाहोरच्या मंडळाला जें साधलें नाहीं, तें एका पुस्तकाच्या दोन पुठ्ठ्यांच्या आंत साधलें: विरोधकाचें म्हणणें पुरतें मांडणें, आणि मग त्याला उत्तर देणें. विद्यापीठाचें काम याहून निराळें काय आहे?

मीं प्राचार्यांना जें सांगितलें, तें आतां थोडक्यांत आपणांसहि सांगतों. वक्त्याचें नांव पुढें येण्यापूर्वीं नियम लिहून फलकावर लावावा, आणि तो उजव्या-डाव्या, आपल्या-परक्या सर्वांना एकच असावा. अध्यक्षस्थानीं अध्यापक असावा, आणि भाषणाइतकाच वेळ प्रश्नांना असावा. ज्यांनीं विरोधाचा कागद दिला, त्यांना दाराशीं फलक घेऊन उभें राहण्यास जागा द्यावी, आणि मागितल्यास त्यांच्या वक्त्यासाठीं तेंच सभागृह द्यावें. मात्र कोणाचा रस्ता अडवूं देऊं नये. सभेचें चित्रण करावें, म्हणजे उद्यां फिर्याद झालीच तर सारें भाषण पुढें ठेवतां येईल, तोडलेलें वाक्य नव्हे. पोलिसांना पत्र लिहावें तें बंदोबस्त मागण्यासाठीं. वक्ता चांगला कीं वाईट हें त्यांना विचारूं नये. आणि वक्त्यानें खरोखरच एखाद्या समाजावर माणसें सोडण्याची भाषा केली, तर अध्यक्षानें तेथेंच सभा थांबवावी व प्राचार्यांनीं स्वतः फिर्याद द्यावी. कायद्याला भ्यावयाचें कारण नाहीं. कायदा या बाबतींत आपल्यापेक्षां धीट आहे.

प्राचार्यांनीं सारें लिहून घेतलें. चार दिवसांनीं महाविद्यालयाच्या फलकावर सूचना लागली कीं, तांत्रिक कारणास्तव व्याख्यान पुढें ढकलण्यांत आलें आहे. मी त्यांना दोष देत नाहीं. विश्वस्तांचा निरोप आला होता, पालकांचे दूरध्वनि येत होते, आणि सत्रांत परीक्षा तोंडावर होती. एका माणसाच्या खांद्यावर तिन्ही प्रश्नांचें ओझें टाकलें म्हणजे तो वाकणारच. पण त्या दिवशीं ज्यांना तो वक्ता ऐकावयाचा होता त्यांनीं कांहीं ऐकलें नाहीं, आणि ज्यांना त्याला खोडून काढावयाचें होतें त्यांनाहि तें करतां आलें नाहीं. दोन्ही कागदांवर सह्या करणारीं मुलें अजून एकाच वर्गांत बसतात, आणि दुसऱ्याचें म्हणणें नेमकें काय आहे, हें दोघांनाहि माहीत नाहीं.

परवां प्राचार्य पुन्हां भेटले. नियमाचा मसुदा विश्वस्तांपुढें ठेवला आहे, म्हणाले. तो मंजूर होऊन फलकावर लागला, कीं त्या वक्त्याचें नांव पुन्हां निघेल. त्या दिवशीं मी सभागृहाच्या मागच्या रांगेंत बसणार आहें. त्याचें म्हणणें मला बहुधा पटणार नाहीं, आणि माझा प्रश्न मीं आतांच लिहून ठेवला आहे.